किकफ्लिप दर वेळी उलटीच पडते : स्केटबोर्ड सिम्युलेशनच्या फिजिक्ससाठी मदत हवी

फैजपूर_१९

राम राम मंडळी. युनिटी या गेम इंजिनात स्केटबोर्डचा सिम्युलेशन गेम बनवणं चालू आहे. बटण दाबलं की ट्रिक झाली, असा टोनी हॉकच्या गेमांच्या वळणाचा नको आहे. ‘सेशन’ आणि ‘स्केटर एक्सएल’ या गेममध्ये कंट्रोलरच्या एका स्टिकला एक पाय असतो, तसा हवा. नकाशा जळगावचा आहे : सतरा मजली (महापालिकेची इमारत) समोरचा मोकळा भाग, मेहरूण तलावाकाठचा ट्रॅक आणि मार्केट यार्डाचा मालधक्का.

मांडणी अशी आहे. बोर्ड २.२ किलोचा, एक बॉक्स कोलायडर (टक्कर मोजायचा अदृश्य आकार), खाली २६ मिमी त्रिज्येचे चार स्फिअर कोलायडर. स्केटर ६० किलोचा. पाय आणि बोर्ड यांच्यात स्प्रिंग आहे, स्टिफनेस (ताठरपणा) १२,०००, डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा रोध) १,७००. गुरुत्वाकर्षण ९.८१. फिक्स्ड टाइमस्टेपला, म्हणजे फिजिक्सचा हिशोब किती वेळाने होतो त्याला, हात लावलेला नाही.

अडचणी चार. एक, किकफ्लिपला (बोर्ड हवेत लांबीच्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरी मारतो ती ट्रिक) टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कितीही वाढवला तरी बोर्ड अर्ध्याच्या थोडा पुढे फिरतो आणि वरची ग्रिप टेपची खरखरीत बाजू खाली करून पडतो. हवेतला वेळ साधारण अर्धा सेकंद आहे. दोन, चाकं टेकताच बोर्ड थरथरतो आणि कधीकधी आकाशात उडतो. तीन, सपाट फरशीवरही अधूनमधून ठेच लागल्यासारखा अडकतो. चार, ४ मीटरच्या रेलिंगवर ४ मीटर/सेकंद वेगाने चढला तरी निम्म्या वाटेतच थांबतो.

धुळे_एमएच१८

पहिल्या दोन अडचणींचं सांगतो. दोन्ही आकड्यांत स्पष्ट दिसतात.

किकफ्लिप : युनिटीत रिजिडबॉडीच्या (फिजिक्स लागू असलेल्या वस्तूच्या) फिरण्याच्या वेगाला कमाल मर्यादा असते आणि ती डीफॉल्ट ७ रेडियन/सेकंद असते. अर्ध्या सेकंदात ३.५ रेडियन, म्हणजे २०० अंश. तुझा बोर्ड नेमका तिथेच उलटा पडतोय. टॉर्क दहापट केला तरी इंजिन वेग ७ वरच कापतं. खरी किकफ्लिप पायाखाली पकडली जाते ती साधारण ०.३५ सेकंदात, म्हणजे १८ रेडियन/सेकंद लागतात. बोर्डाच्या रिजिडबॉडीवर मॅक्स अँग्युलर व्हेलॉसिटी ४० कर. ट्रे-फ्लिपमध्ये बोर्ड दोन अक्षांवर एकदम फिरतो, त्यामुळे थोडी मोकळीक हवीच.

टॉर्क भरमसाट वाढवला असेल तर आता तो खाली आण, नाहीतर मर्यादा उठताच बोर्ड भिंगरीसारखा फिरेल. हिशोब सोपा आहे. लांबीच्या अक्षाभोवती २० सेंमी रुंद, २.२ किलोच्या फळीचा जडत्वाघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) सुमारे ०.००७४ येतो. त्याला १८ ने गुण : ०.१३. पायाचा झटका मध्यापासून १० सेंमीवर, ०.०५ सेकंद लागला असं धरलं तर बल येतं २७ न्यूटनच्या आसपास, म्हणजे पावणेतीन किलोचा दाब. किकफ्लिप पायाच्या कडेने हलकेच निसटत होते, ती ताकदीची ट्रिक नव्हे. गेममध्ये हा हलकेपणा आला नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही हाताला खोटं वाटतं.

आता थरथर. १,७०० हा आकडा क्रिटिकल डॅम्पिंगच्या (हेलकावा न घेता थांबायला लागणाऱ्या डॅम्पिंगच्या) सूत्रातून काढलेला दिसतोय : स्टिफनेस गुणिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. सूत्र बरोबर आहे, वस्तुमान चुकलंय. तू ६० किलो धरलेस. पण ती स्प्रिंग दुसऱ्या टोकाला २.२ किलोच्या बोर्डाला ओढते. दोघांचं मिळून परिणामी वस्तुमान ६० गुणिले २.२ भागिले ६२.२, म्हणजे २.१२ किलो. डॅम्पिंग गुणिले टाइमस्टेप भागिले वस्तुमान हा गुणोत्तर दोनच्या वर गेला की प्रत्येक पायरीला वेग उलटतो आणि वाढत जातो. तुझा येतो १६. बोर्ड उडणारच.

२.१२ किलो धरून डॅम्पिंग येतं ३२०. पण डीफॉल्ट ०.०२ सेकंदाच्या टाइमस्टेपला तेही ३ वर जातं. टाइमस्टेप ०.००५ कर, मग गुणोत्तर ०.७५ येतं आणि बोर्ड शांत बसतो.

एवढ्यावर थांबलास तर नवी तक्रार येईल : स्केटर उतरल्यावर गादीवर उड्या मारल्यासारखा वरखाली होईल, कारण ६० किलोच्या अंगाला ३२० चं डॅम्पिंग फारच कमी पडतं. म्हणून दोन कामं वेगळी कर. पाय आणि बोर्डाच्या जोडाला ३२०. गुडघे वाकण्याचं १,७०० मात्र फक्त शरीराच्या रिजिडबॉडीला, जमिनीच्या सापेक्ष, आणि तेही चाकं टेकलेली असतानाच. ६० किलोवर तो आकडा ०.०२ किंवा ०.००५, दोन्ही टाइमस्टेपला फुटत नाही.

एक सावधगिरी. ०.००५ म्हणजे सेकंदाला २०० पायऱ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो आणि फ्रेम लांबते. मॅक्झिमम अलाउड टाइमस्टेप (एका फ्रेममध्ये भरून काढायच्या वेळेची मर्यादा) डीफॉल्ट ०.३३३ असतो, म्हणजे इंजिन एका फ्रेममध्ये ६६ पायऱ्यांपर्यंत भरपाई करत बसतं, त्यामुळे पुढची फ्रेम आणखी लांबते आणि गेम गोठतो. तो आकडा ०.०५ कर. तापलेल्या मशीनवर गेम थोडा संथ चालेल, पण अडकणार नाही.

भुसावळ_यार्ड

तिसरी आणि चौथी मी घेतो भो.

फरशीवरची ठेच : प्रत्येक फरशी वेगळा मेश (त्रिमितीय आकार) आणि प्रत्येकाला वेगळा कोलायडर, असंच केलं असशील. सपाट दिसत असलं तरी दोन कोलायडरच्या सांध्यावर इंजिनला आतली कड सापडते आणि ते चाकाला मागे ढकलतं. त्यात डीफॉल्ट काँटॅक्ट ऑफसेट (किती अंतरावरून स्पर्श धरायचा ते) असतो ०.०१, म्हणजे १ सेंमी. माणसाच्या मापाच्या वस्तूला चालतो, पण २.६ सेंमी त्रिज्येच्या चाकाला तो फार मोठा. ०.००१ ते ०.००२ पुरे. दिसायला फरशा वेगळ्या ठेव, टक्कर मात्र एकाच सलग पृष्ठभागावर घे. त्याहून चांगलं म्हणजे चार स्फिअर कोलायडर काढून प्रत्येक चाकाच्या जागी स्फिअरकास्ट (काल्पनिक गोळा सरकवून जमीन कुठे लागते ते शोधणं) खाली टाक आणि आधाराचं बल स्वतः लाव. मग सांध्याचा प्रश्नच उरत नाही.

चाकांचे कोलायडर काढल्यावर एक गोष्ट विसरायची नाही. युनिटी गुरुत्वमध्य कोलायडरवरून काढतं, त्यामुळे तो फळीच्या ऐन मधे जाऊन बसेल. खऱ्या बोर्डात ट्रक (चाकं धरणारे धातूचे आस) आणि चाकांचं वजन खाली लटकलेलं असतं. गुरुत्वमध्य हाताने दोन-तीन सेंमी खाली दे. फ्लिप होताना फळी त्या खालच्या बिंदूभोवती फिरते, म्हणून फळीचा मध्य जागच्या जागी न राहता छोट्या वर्तुळात फिरताना दिसतो. डोळा हे लगेच ओळखतो.

खडबडीतपणा आवाजातून आण. आपल्याकडचा पेव्हर ब्लॉक २०० बाय १०० मिमीचा. आडव्या १०० मिमीच्या बाजूने ५ मीटर/सेकंद वेगाने गेलं तर सेकंदाला ५० सांधे लागतात, वेगळे ठोके ऐकू येत नाहीत, नुसती घरघर येते. दोन फुटी शहाबादीवर तेच आठेक ठोके होतात आणि प्रत्येक ठोका जोडीने येतो : पुढचा ट्रक, मग ७२ मिलिसेकंदांनी मागचा, कारण दोन्हींत ३६ सेंमी अंतर आहे. हे अंतर वेगाप्रमाणे बदललं पाहिजे. एकच रेकॉर्डिंग फक्त पिच वाढवून वाजवलं की फसतं. ट्रॅकवर खडेही टाक. ९९ए कडकपणाच्या ५२ मिमी चाकाला ८ मिमीचा खडा ओलांडायला त्या चाकावरच्या भाराइतकंच आडवं बल लागतं. म्हणून एवढाच खडा स्केटरला तोंडावर पाडतो, आणि आपल्या रस्त्यांवर तो नसेल तर नकाशा आपला वाटायचा नाही.

रेलिंग : रेलिंगच्या मटेरियलला घर्षण ०.१ दिलं असशील आणि बोर्डाला मटेरियलच नसेल. मटेरियल नसलं की ०.६ धरलं जातं आणि दोघांची सरासरी निघते, ०.३५. त्या घर्षणाने ४ मीटर/सेकंदचा बोर्ड २.३ मीटरवर थांबतो. तुझी ‘निम्मी वाट’ हीच. रेलिंगच्या मटेरियलमध्ये फ्रिक्शन कंबाइन ‘मिनिमम’ कर. खरं ०.१ लागलं की ४ मीटरच्या टोकाला २.८५ मीटर/सेकंद वेग उरतो. ०.२ ठेवलास तर ऐन टोकाशी थांबेल. मालधक्क्याच्या सिमेंटच्या कडेला ०.४ दे आणि मेण घासल्यावर तो उतरू दे, सिमेंटवर ग्राइंड (ट्रकवर घासत जाणं) फुकट मिळत नाही.

वळण्याबद्दल विचारलं नाहीस, पण बोर्डाला सरळ याव टॉर्क (उभ्या अक्षाभोवती वळवणारा जोर) देत असशील तर तो काढ. ट्रक झुकण्यातून वळतो : वळणकोनाचा टॅन म्हणजे पिव्हट अक्षाच्या कोनाचा टॅन गुणिले झुकावाचा साइन. अक्ष ४५ अंशांवर आणि झुकाव १० अंश असेल, तर ३६ सेंमी व्हीलबेसला (दोन ट्रकमधल्या अंतराला) वळणाची त्रिज्या साधारण १.०४ मीटर येते. दोन्ही ट्रक उलट दिशांना वळतात, म्हणून हिशोबात अर्धा व्हीलबेस घ्यायचा.

तापीकाठ

वरचं सगळं पटलं. कंट्रोलबद्दल भर घालतो, कारण या प्रकारचे गेम तिथेच तरतात किंवा बुडतात.

२००७ च्या ‘स्केट’मध्ये उजवी स्टिक खाली ओढून वर झटकायची, असा एकाच स्टिकचा झटका होता. ‘सेशन’मध्ये मागच्या पायाची स्टिक खाली दाबून पुढच्या पायाची स्टिक वर किंवा बाजूला झटकायची, आणि वळायला ट्रिगर. दोन स्टिक घेतल्यास की पहिल्याच दिवशी ठरव : डावी स्टिक म्हणजे डावा पाय, की डावी स्टिक म्हणजे पुढचा पाय? स्केटर १८० अंश फिरून उतरला की दोन्हींचे अर्थ वेगळे होतात. नंतर बदलायला गेलं की नॉली (पुढच्या पायाने मारलेली उडी) आणि स्विचचा (उलट्या पायांनी खेळण्याचा) सगळा कोड उसवावा लागतो.

झटका ६० ते १०० मिलिसेकंदांचा असतो. ३० फ्रेमवर त्यात दोन-तीनच नमुने मिळतात. इनपुट सिस्टिम डीफॉल्टने सेकंदाला ६० वेळाच कंट्रोलर वाचते, ती २०० कर. वाचलेला प्रत्येक नमुना वेळेसकट साठव आणि झटक्याचा वेग त्या वेळांवरून काढ, फ्रेमवरून नको. फ्रेम घसरली की तोच झटका मंद मोजला जातो आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलीच चूक झाली. हा अन्याय होऊ देऊ नकोस.

स्वस्त कंट्रोलरची स्टिक सोडली की स्प्रिंगने मध्याच्या पलीकडे जाऊन परत येते. तेवढ्यात उलट झटका नोंदला जातो आणि ओलीची (साध्या उडीची) मध्येच हीलफ्लिप (उलट दिशेची किकफ्लिप) होते. स्टिक सुटल्यावर ५० मिलिसेकंद उलट दिशेची ०.५ पेक्षा कमी हालचाल सोडून दे. डेडझोनच्या (स्टिकची कुठली हालचाल मोजायची त्याच्या) मर्यादा डीफॉल्ट ०.१२५ ते ०.९२५ असतात. वरची मर्यादा तशीच राहू दे, घासलेल्या स्टिक १ पर्यंत पोचत नाहीत.

मोबाइलवर न्यायचा असेल तर २०१२ चा ‘ट्रू स्केट’ नीट बघ. तिथे बोटं हेच पाय आहेत, मूळ गेममध्ये स्केटर दिसतच नव्हता. शरीराचं सगळं ॲनिमेशन वाचतं आणि बोर्डावर लक्ष देता येतं. आपल्याकडे कंट्रोलर असलेल्यांपेक्षा फोन असलेले कितीतरी जास्त, म्हणून ही वाट गंभीरपणे विचारात घे.

आणि वेळेचा अंदाज आधीच बांध. ‘सेशन’ २०१७ मध्ये किकस्टार्टरवर आला आणि पूर्ण स्वरूपात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. ‘स्केटर एक्सएल’ डिसेंबर २०१८ मध्ये अर्ली ॲक्सेसला (अपुरा असतानाच विक्रीला) आणि पूर्ण झाला जुलै २०२०. तो युनिटीतच बनलाय, तेव्हा इंजिन बदलायचा विचार डोक्यात आणू नकोस. तिन्ही जागा एकदम नको. सतरा मजलीसमोरची फरशी, एक कठडा, पाच पायऱ्या, एवढ्यावर ओली आणि किकफ्लिप पक्की कर. पायरी १५ सेंमी उंच धरली तर पाच पायऱ्यांची उडी ७५ सेंमीची होते, उतरण्याची कसोटी घ्यायला पुरेशी.

फैजपूर_१९

मनापासून आभार. मर्यादा ४०, टाइमस्टेप ०.००५, डॅम्पिंग दोन जागी विभागलं, रेलिंगला मिनिमम. थरथर गेली, रेलिंग शेवटपर्यंत जातं, ठेचही थांबली. आता बोर्ड पूर्ण फिरतो, पण ३६० वर न थांबता ३७६ पर्यंत जातो. ३४५ अंशांवर पाय टेकवून ब्रेक लावतो, ६० मिलिसेकंदांत वेग शून्य होईल एवढा टॉर्क देऊन. ब्रेक आणखी कडक करू का?

धुळे_एमएच१८

कडक करू नकोस, लवकर लाव. १८ रेडियन/सेकंद वेग ६० मिलिसेकंदांत शून्यावर आणताना बोर्ड वेग गुणिले वेळ भागिले दोन इतका पुढे जातोच : ०.५४ रेडियन, म्हणजे ३१ अंश. ३४५ मध्ये ३१ मिळव, तुझे ३७६. ब्रेक ३२९ ला सुरू कर. पण ३२९ हा आकडा कोडमध्ये पक्का लिहू नकोस, कारण झटका जोरात बसला की वेग २२ होईल आणि मग याच टॉर्कने ४६ अंश आधी लागावं लागेल. प्रत्येक पायरीला चालू वेगावरून कोन काढ.

टॉर्क जडत्वाघूर्ण गुणिले ३०० रेडियन/सेकंद वर्ग, म्हणजे २.२ न्यूटन-मीटरच्या आसपास, येवढाच राहू दे. ब्रेक संपल्यावर बोर्ड सपाटपासून ३५ अंशांच्या आत असेल तर पायाच्या दाबाने सरळ होऊ दे. त्याहून जास्त असेल तर मदत करू नकोस, कडेवर पडू दे. ती चूक खेळणाऱ्याला दिसली पाहिजे, म्हणजे पुढचा झटका तो स्वतःच हलका मारेल.