मदत हवी आहे: तलावाच्या गाळात जिवंत शिंपले निघालेत, पावसाआधी कुठे हलवू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. सांवेर रस्त्याला आमची थोडी शेती आहे आणि शेताला लागून गावचा जुना तलाव. यंदा तो पार आटला, म्हणून सोमवारपासून जेसीबी लावून गाळ काढताहेत. माळव्याची काळी माती, शेताला सोन्यासारखी, त्यामुळे दिवसभर ट्रॉल्यांची रांग असते. कामाबद्दल तक्रार नाही, तलाव खोल व्हायलाच हवा.

काल संध्याकाळी आमच्या बांधावर ओतलेल्या गाळात तळहाताएवढा शिंपला हाताला लागला. लांबट, काळपट तपकिरी, चांगला जड. रिकामा समजून धुवायला घेतला तर फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली आणि तो घट्ट मिटला. मग ढेकळं फोडतच बसले. अंधार पडेपर्यंत एकाच ढिगातून सत्तेचाळीस जिवंत निघाले. शिवाय पट्टे असलेल्या गोगलगायी, आणि लिंबाएवढ्या गोल गोगलगायी, तोंडाला झाकण लावून बसलेल्या.

शिंपले घरी आणून तलावाच्याच गढूळ पाण्यात, प्लास्टिकच्या टबात ठेवले. सकाळी टबाच्या तळावरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं! पट्टेवाली एक गोगलगाय स्टीलच्या वाडग्यात वेगळी ठेवली होती, तर तिच्याभोवती ज्वारीच्या दाण्याएवढी पाच पिल्लं फिरत होती. अंडी कुठेच नाहीत. मी बराच वेळ ते वाडगं हातात धरून उभी होते.

हे सगळे जीव ट्रॉलीतून शेतात जाऊन उन्हात मरताहेत. ही जात कुठली? किती दिवस तग धरतील? आणि सोडू कुठे? सासूबाई म्हणतात, ओंकारेश्वरला जायचंच आहे, नर्मदामाईत सोडू. दीर म्हणतात इंदूरजवळच्या यशवंतसागर जलाशयात. पावसाला तीनेक आठवडे आहेत. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी ते टबातून काढा. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात एवढे शिंपले ठेवले तर प्राणवायू संपून गुदमरतील. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. मिटलेला शिंपला पाण्याबाहेर काही तास ओलाव्यावर निभावतो, गरम पाण्यात नाही निभावत. उघडा दिसला तर कडेला बोट लावा. मिटला तर जिवंत. नाही मिटला आणि वास येत असेल तर गेला.

वर्णनावरून हा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस वाटतो, भारतात बहुतेक ठिकाणी आढळणारा, गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीत वापरतात तोच. लहान, गोलसर आणि बिजागरीजवळ नागमोडी सुरकुत्या असलेले निघाले तर ते पॅरेसिया कॉरुगाटा. पट्टेवाली ती बेलामिया बेंगालेन्सिस, ती पिल्लंच देते, तुम्ही पाहिलंतच. लिंबाएवढी पायला ग्लोबोसा. तिला कल्लाही असतो आणि फुप्फुसही, झाकण लावून चिखलात महिनोन्‌महिने पडून राहते. तिला काठाच्या ओलसर, सावलीतल्या मातीत पुरून ठेवा, पाऊस पडला की ती आपणहून निघेल.

नर्मदेत मात्र नको. सासूबाईंची भावना कळते, पण सांवेरकडचं पाणी क्षिप्रेतून चंबळेला जातं आणि पुढे यमुनेला. नर्मदा विंध्याच्या पलीकडची, पश्चिमेला वाहणारी. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी नळाने येतं, म्हणून आपल्याला ती घरचीच वाटते, पण तलावातल्या जिवांसाठी ते खोरंच वेगळं. एका खोऱ्यातले जीव दुसऱ्यात नेले की सोबत त्यांचे परजीवी आणि रोगही जातात.

प्रतिसाद २

यशवंतसागरही नको, त्यात शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. परवानगीशिवाय तिथे काहीच सोडू नये.

माझं मत: त्यांना त्याच तलावात राहू द्या. सगळ्यात खोल कोपरा उकरू नका म्हणावं, तिथे थोडं पाणी धरून ठेवा. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या शिंपल्यांची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस वाढते, मग सुटून तळाशी बसते. मासा नाही तर पुढची पिढी नाही. म्हणून डबक्यात उरलेले छोटे स्थानिक मासेसुद्धा वाचवा.

२०२२ मध्ये इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंतसागर रामसर यादीत गेले तेव्हा सगळ्यांनी पक्ष्यांचे फोटो टाकले. त्यातला मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, जगतो तो मुख्यतः पायलावर. तळातल्या जिवाकडे कुणी कॅमेरा वळवत नाही, याचं वाईट वाटतं.

हातमोजे आणि गमबूट घालूनच उतरा. काही गोगलगायींमधून सुटणाऱ्या सूक्ष्म अळ्यांनी अंगाला खाज सुटते. गुरांच्या यकृतातला पर्णकृमीही गोगलगायीतूनच पसरतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना खोऱ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्यांची माई हीच. आज पहाटे त्या स्वतः गोणपाट भिजवायला बसल्या.

सरपंचांशी बोलले. जेसीबीवाल्या दादांना शिंपला हातात दिला, तो मिटताना त्यांनी पाहिला आणि म्हणाले, पश्चिमेचा कोपरा सोडतो, तिथली माती अजून ओली आहे. आता तिथे वीस पावलं लांबीचा खड्डा आहे, आमच्या बोअरचं पाणी रात्री थोडं थोडं सोडतो. आतापर्यंत तीनशे बारा शिंपले ठेवले, टोकदार बाजू वर आणि बाकी अंग चिखलात, जसे सापडले तसे. पन्नास शिंपल्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, दिवाळीत पाणी उतरलं की किती जगले ते मोजता येईल. कडेला बोटभर लांबीचे मासेही आहेत.

बांधावर अजून नऊ ढीग फोडायचे राहिलेत आणि वरून सुकत चाललेत. इंदूरमधलं कुणी रविवारी सकाळी सहा ते नऊ येऊ शकेल का? हातमोजे, जुनी पोती आणि टोपी आणा. चहा-पोहे आमच्याकडे. निरोप पाठवा, पत्ता कळवते.