मदत हवी आहे: १८वा आठवडा, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी ३४वरून २८ मिमी

नमस्कार. मी गोव्यातल्या वाळपईची. पहिली मुलगी ३१व्या आठवड्यात झाली. गणेश चवथीच्या दोन दिवस आधी रात्री कंबर दुखू लागली, वाटलं माटोळीच्या (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) धावपळीत दमले असेन. सकाळपर्यंत ती जन्मलीही होती. महिनाभर काचेच्या पेटीत होती, मी बाहेरून नुसती बघायचे. आता चार वर्षांची आहे, ठणठणीत. पण तेव्हा लांबी मोजल्याची नोंद एकाही रिपोर्टमध्ये नाही, हे अजून सलतं.

या वेळी डॉक्टरांनी १६ ते २४ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी सांगितली आहे. (लघवी करून जायचं असतं, दुखत नाही. घाबरू नका.) पहिल्यांदा ३४ मिमी होती, परवा २८. २५च्या खाली गेली तर टाक्याचा (पिशवीचं तोंड लवकर उघडू नये म्हणून घालतात तो) विचार करू म्हणाले. तोवर रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनची) गोळी आतून ठेवते.

कुणाला टाका घातलाय का? नंतर किती दिवसांनी घरकाम सुरू केलंत? सासूबाई म्हणतात, पडूनच राहा. डॉक्टर म्हणतात, पडून राहिल्याने फायदा होत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. सासूबाईंना कसं समजावू? त्यांची काळजी खरी आहे.

आणि वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत बसने गेलेल्या कुणी आहात का? पोट घट्ट झालं, कळ आली किंवा पाणी गेलं तर वाट न बघता निघायचं, एवढं ठरलंय. रात्रीच्या गाडीची सोय तुम्ही कशी करून ठेवली होती?