उबंटू २०.०४ चं २२.०४ केलं आणि फायरफॉक्स चालता चालता गायब होतंय

केळीवाला_सावदा
राम राम मंडळी. आपलं सावद्याला झेरॉक्स नि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. उबंटू (लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम) २०.०४ चा सपोर्ट मे २०२५ मधेच संपला तरी मी ढकलत होतो, शेवटी रविवारी दुकान बंद ठेवून २२.०४ केलं आणि तेव्हापासून ही कटकट. एरर नाही, मेसेज नाही, खिडकीच नाहीशी, समोर नुसता डेस्कटॉप. एका टॅबमधे सातबारा, दुसऱ्यात पीकविम्याचा फॉर्म, तिसऱ्यात व्हॉट्सॲप वेब, वरून एखादी मोठी पीडीएफ उघडली की गेलंच. काल एका आप्पांचा केळीच्या विम्याचा फॉर्म तीनदा भरला, चौथ्यांदा तेच म्हटले राहू दे बापू, उद्या येतो. फायरफॉक्स काढून परत टाकलं, प्रोफाइल नवीन केलं, फरक शून्य.

भरीतपार्टी_जळगाव
स्नॅप आहे ना भो ते, म्हणजे सगळं एकाच डब्यात बांधून येणारं पॅकेज. २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतं, अपग्रेड करताना तुझं जुनं डेब (उबंटूचं नेहमीचं साधं पॅकेज) काढून तेच बसवलं असणार. डेबवालं टाक, विषय संपला.

केळीवाला_सावदा
ते पण केलं भो, मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांच्याच रेपोतून (पॅकेजच्या साठ्यातून) डेब टाकलं. उघडतं लवकर, गायब तसंच होतं.

सातपुडा_चोपडा
काढणं-टाकणं बंद करा आधी, तीन दिवस गेले त्यातच. ॲड्रेस बारमधे अबाउट क्रॅशेस टाका, तिथे रिपोर्ट दिसतात का? ग्राफिक्सचं लफडं असेल तर बहुतेक दिसतात, माझ्याकडे तेच होतं, सेटिंगमधे हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं नि थांबलं.

केळीवाला_सावदा
रिकामं आहे. एकही नाही.

पांझरा_काठ
रिकामं आहे म्हणजे बहुतेक ते क्रॅश होतच नाहीये, त्याला कोणीतरी मारतंय. २२.०४ च्या डेस्कटॉपमधे सिस्टमडी-ओओएमडी नावाची सर्व्हिस चालू असते, २०.०४ ला ती नव्हती. रॅमवर दाब वाढला आणि थोडा वेळ तसाच राहिला की अख्खं मशीन गोठू नये म्हणून ती जास्त खाणाऱ्याला सरळ उडवते, आणि ४ जीबीत जास्त खाणारा कोण, तर ब्राउझर. मरणाऱ्याला रिपोर्ट लिहायला वेळच मिळत नाही म्हणून तुझी यादी कोरी. खात्री करायची तर टर्मिनलमधे जर्नल-सीटीएलला या सर्व्हिसचं नाव देऊन लॉग काढ, 'किल्ड' शब्द शोध आणि वेळ जुळते का बघ. सोबत फ्री कमांड मारून स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) किती आहे तेही टाक इथे.

केळीवाला_सावदा
सापडलं!! दुपारी १२ नंतर तीन किल्ड, तिन्ही त्या आप्पांच्या फॉर्मच्या वेळचे. स्वॅप १ जीबीच्या पण आत आहे. मग ही सर्व्हिसच बंद करून टाकू का?

पांझरा_काठ
करता येते, पण मग ब्राउझर जाण्याऐवजी माउससकट सगळं अडकेल आणि गिऱ्हाईक समोर असताना पॉवरचं बटण दाबून धरशील. त्यापेक्षा स्वॅप ४ जीबी कर. आधी ब्राउझर नि बाकी सगळं बंद कर, कारण स्वॅपऑफ केलं की त्यातलं सगळं परत रॅममधे यायला लागतं आणि जागा नसली तर तिथेच बोंबललं. मग जुनी स्वॅपफाइल काढ, एफ-ॲलोकेटने त्याच नावाची ४ जीबीची बनव, परमिशन ६००, मेकस्वॅप, स्वॅपऑन. नाव तेच ठेवलं तर एफएसटॅबला (मशीन चालू होताना कोणती डिस्क, कोणता स्वॅप जोडायचा त्या यादीला) हात लावायची गरज नाही. डिस्कची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल तर असं करू नको, ईएक्सटी४ ला चालतं. आणि शिफ्ट दाबून एस्केप मार, कोणता टॅब किती खातो ते फायरफॉक्स स्वतःच दाखवतं.

भरीतपार्टी_जळगाव
मी उगाच स्नॅपला शिव्या घातल्या. तरी उघडायला उशीर लावतं ते लावतंच.

अमळनेरना_पोर्‍या
मन्हं बी असंच व्हयनं व्हतं भो, मी तं नवा लॅपटॉप लेवाले निंघेल व्हतू.

केळीवाला_सावदा
परवा स्वॅप ४ जीबी केला, दोन दिवसात एकदाही गेलं नाही. हार्डडिस्क जुनी असल्याने टॅब बदलताना घरघर करते नि दोन सेकंद थांबते पण फॉर्म पूर्ण होतो. शिफ्ट-एस्केपमधे सगळ्यात वर व्हॉट्सॲप वेब निघालं, ते आता मोबाइलवरच ठेवलंय. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, भुसावळला गेलो की ४ ची पट्टी बघतो. आप्पांचा फॉर्म आज सकाळी झाला, जाताना अर्धा डझन केळी ठेवून गेले.