इंग्लंडमधील शाळेत टीचिंग असिस्टंट होण्यासाठी नेमकी कोणती पात्रता लागते?

सातारकर_लेक:
नमस्कार. पतींच्या नोकरीनिमित्त आम्ही रेडिंगला आलो असून मी डिपेंडंट व्हिसावर आहे. माझे शिक्षण बी.एस्सी., बी.एड. असून सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवत होते. मुलगी आता येथील प्राथमिक शाळेत जाऊ लागल्याने मला शाळेतच टीचिंग असिस्टंटचे (वर्गात शिक्षकांच्या मदतनिसाचे) काम करावेसे वाटते. एका ऑनलाइन संस्थेने लेव्हल ३ चा (साधारण बारावीच्या स्तराचा) अभ्यासक्रम केल्याशिवाय कोणतीही शाळा उभे करणार नाही असे सांगून बरीच मोठी फी मागितली आहे. हे प्रमाणपत्र खरोखर सक्तीचे आहे का, आणि आपल्या दहावीची व बी.एड.ची येथे काही दखल घेतली जाते का?

थेम्सकाठची_मावशी:
ताई, फी भरण्याची घाई करू नका. इंग्लंडमध्ये टीचिंग असिस्टंटसाठी कायद्याने ठरवलेली अशी एकही पदवी किंवा प्रमाणपत्र नाही. पात्रता प्रत्येक शाळा स्वतः ठरवते आणि ती जाहिरातीसोबतच्या ‘पर्सन स्पेसिफिकेशन’मध्ये, म्हणजे उमेदवाराकडून असलेल्या अपेक्षांच्या यादीत, लिहिलेली असते. त्यात बहुधा इंग्रजी आणि गणितात जीसीएसईची (येथील साधारण दहावीच्या स्तराची परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्याच्या तोडीची पात्रता अपेक्षित असते. लेव्हल २ किंवा ३ चे प्रमाणपत्र अनेकदा ‘असल्यास उत्तम’ या रकान्यात दिसते. भारतातील शिक्षणाची तुलना दाखवण्यासाठी यूके एनिक या अधिकृत संस्थेकडून ‘स्टेटमेंट ऑफ कम्पॅरॅबिलिटी’ मिळते. आपल्याला आधी खर्च करायचाच असेल तर तो यावर करावा, असे माझे मत आहे.

मात्र कागदांपेक्षा येथील वर्गात वावरल्याचा अनुभव अधिक कामी येतो. मुलीच्याच शाळेच्या कार्यालयात जाऊन, आठवड्यातून एखादी सकाळ मुलांचे वाचन ऐकायला येऊ का, असे विचारा. स्वयंसेवकांसाठी डीबीएस (गुन्हेगारी नोंदींच्या) तपासणीची फी नसते. या ओळखीतून जागा निघाल्याचे आधी कळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथील शिकवण्याची पद्धत जवळून पाहायला मिळते. रिसेप्शन आणि इयर १ (साधारण चार ते सहा वर्षांची मुले) मध्ये फोनिक्सवर, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवण्यावर, फार भर असतो, आणि तेथे आपली मराठी जीभ आड येते. ‘एस’ या अक्षराचा ध्वनी आपण सवयीने ‘स’ असा, शेवटी ‘अ’ मिसळून उच्चारतो. वर्गात तो नुसता ‘स्स्स’ असाच म्हणावा लागतो, कारण ‘स-अ-ट’ असे ऐकलेल्या मुलाला ध्वनी जोडून ‘सॅट’ हा शब्द वाचता येत नाही. इयर १ च्या अखेरीस जून महिन्यात मुलांची फोनिक्स तपासणी होते, त्यामुळे ज्याचे उच्चार स्वच्छ आहेत असा मदतनीस शिक्षकांना हवाच असतो.

अर्ज लिहिताना बी.एड.चा गौरव करण्यात जागा घालवू नये. पर्सन स्पेसिफिकेशनमधील प्रत्येक मुद्दा घेऊन त्याखाली आपण प्रत्यक्ष काय केले ते लिहावे. ‘मला मुले आवडतात’ हे वाक्य तर प्रत्येक अर्जात असते! त्यापेक्षा अपूर्णांकात अडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला आपण कसे पुढे नेले, हे चार ओळींत सांगितलेले अधिक उपयोगी पडते.

वर्गाबाहेरचा_बाक:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त पगाराबाबत सावध करतो. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुतेकदा पूर्णवेळ, वर्षभराच्या कामाचा असतो. बहुतांश नेमणुका ‘टर्म टाइम ओन्ली’ असल्याने शाळेचे सुमारे ३९ आठवडे आणि आठवड्याचे ठरलेले तास धरून पगार काढला जातो आणि तो १२ महिन्यांत विभागून मिळतो. त्यामुळे प्रत्यक्ष हाती किती येणार, हे आधीच विचारावे. असे विचारणे येथे गैर मानत नाहीत.

विशेष गरजा असलेल्या मुलांसोबत काम करण्याची तयारी असेल तर दारे लवकर उघडतात. ज्या मुलाचा ‘ईएचसी प्लॅन’ (विशेष गरजा व त्यासाठीची मदत नोंदवणारा अधिकृत आराखडा) मंजूर झालेला असतो त्याच्यासाठी शाळा अनेकदा स्वतंत्र मदतनीस नेमते. मी हेच काम करतो. ‘आता काय, नंतर काय’ असा दोन चित्रांचा फलक हातात धरून स्वमग्न मुलाला खेळाच्या मैदानावरून वर्गात परत आणण्यात कधी कधी अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात आवाज चढवून चालत नाही. पगाराच्या मानाने हे काम जड आहे, असे मी स्पष्टच सांगेन. शाळांना तात्पुरते कर्मचारी पुरवणाऱ्या सप्लाय एजन्सीमार्फत अशा जागा लवकर मिळतात, परंतु त्यात कामाचे दिवस निश्चित नसतात.

अभ्यासक्रम पुढे करावासा वाटला तर स्थानिक कॉलेजकडे चौकशी करा. सरकारी अनुदानासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या वास्तव्याची अट असते, त्यामुळे नव्याने आलेल्यांना बहुधा स्वतः फी भरावी लागते.

फळा_आणि_खडू:
गणित-विज्ञानाच्या बी.एड. शिक्षिकेने केवळ टीचिंग असिस्टंटपुरता विचार करावा, हे मला पटत नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांना इंग्लंडमधील ‘क्यूटीएस’साठी, म्हणजे अधिकृत शिक्षक दर्जासाठी, थेट अर्ज करता येतो. आपल्या देशासाठी ही सोय ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे, आणि आपण नेमक्या त्यातच बसता. पदवी, प्रशिक्षण, अध्यापनाचा अनुभव आणि इंग्रजीवरील प्रभुत्व यांचे पुरावे द्यावे लागतात. अर्जाला फी नाही. टीचिंग असिस्टंटचे काम करत असतानाच हा अर्ज चालू ठेवता येईल.

सातारकर_लेक:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्यूटीएसची माहिती मला नव्हती. एक शंका उरते: मुलीच्या जन्मानंतर मी काही वर्षे घरी होते आणि माझे जुने मुख्याध्यापक आता निवृत्त झाले आहेत. संदर्भपत्र कोणाचे द्यावे?

थेम्सकाठची_मावशी:
घरी असलेला काळ अर्जात महिना-वर्षासह स्पष्ट लिहावा. बालसुरक्षेच्या नियमांमुळे शाळेला अर्जातील प्रत्येक खंडाचे कारण विचारावेच लागते, त्यामुळे मोकळा सोडलेला रकाना खटकतो. मुलांच्या संगोपनासाठी घेतलेली रजा खटकत नाही. संदर्भपत्र जुन्या शाळेच्या विद्यमान मुख्याध्यापकांकडून, शाळेच्या अधिकृत ईमेलवरूनच यायला हवे. ओळखीच्या व्यक्तीच्या खासगी ईमेलवरून आलेले पत्र सहसा पुरेसे मानत नाहीत. दुसरा संदर्भ आपण जेथे स्वयंसेवा कराल तेथील शिक्षिकेचा देता येईल. तसेच आपण परदेशात राहिलेल्या असल्याने डीबीएसखेरीज भारतातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितले जाण्याची शक्यता आहे. ते हाती येण्यास वेळ लागतो, म्हणून मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता त्याचा अर्ज आताच करून ठेवा.