सगळा डेटा क्लाउडवर ठेवणं कितपत शहाणपणाचं?

कोरा कागद (धागा)
घरचे फोटो असोत की धंद्याचे हिशेब, क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर, टाकले की आपण निर्धास्त होतो. मला हे घातक वाटतं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर (अशी यंत्रं ठेवलेली इमारत) जळालं. दुसऱ्या ठिकाणी बॅकअप (जादा प्रत) नसलेल्या कित्येक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

रानवारा
अजिबात पटलं नाही. आग ऑफिसातल्या सर्व्हरलाही (डेटा ठेवायच्या यंत्रालाही) लागते, आणि तिथे रात्री बघायला कुणी नसतं. नेटफ्लिक्सचंच घ्या, तेव्हा ते टपालाने डीव्हीडी भाड्याने देत. २००८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधला डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवणं बंद पडलं. त्यानंतर ते क्लाउडकडे वळले. चार माणसांच्या धंद्याला तर हंगामात दहापट क्षमता लागते, एरवी जेमतेम. तेवढ्यासाठी यंत्रं विकत घेऊन ठेवायची?

उंबरठा
हंगामी कामाला ठीक. पण काम वर्षभर सारखंच असेल तर भाडं महागात पडतं. ड्रॉपबॉक्स या लोकांच्या फायली साठवणाऱ्या कंपनीने बहुतेक डेटा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरून स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले, असं २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरताना त्यांनीच कागदोपत्री सांगितलं. शिवाय डेटा आत टाकणं फुकट आणि बाहेर काढायला जीबीमागे पैसे. ही अडवणूक आहे.

रानवारा
ड्रॉपबॉक्सकडे अभियंत्यांची फौज आहे, ती प्रत्येकाकडे कुठून येणार? आणि कायमचं सोडून जाणाऱ्यांना डेटा बाहेर काढायचं शुल्क गूगल आणि अ‍ॅमेझॉन दोघांनीही २०२४ मध्ये माफ केलं. रोजच्या वापरावर ते अजून लागतं, हे मात्र मान्य.

मोरपीस
घरगुती वापराबद्दल कुणी बोलतच नाहीये. फोन हरवला तरी फोटो वाचतात, हा फायदा फार मोठा आहे. पण सिंक (फोन आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे! फोनवरून फोटो पुसला की तो क्लाउडवरूनही जातो आणि काही दिवसांनी ट्रॅशमधूनही. फुकटचाही भरवसा नाही: गूगल फोटोजने मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद केली. तोवर लोकांची वर्षानुवर्षांची चित्रं तिथे साठली होती.

कोरा कागद
अगदी हेच मला म्हणायचंय. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगलवरची एक खासगी क्लाउड यंत्रणा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. पाच लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर आपलं खातं दिसेना. फंडाने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते, ते सावरताना कामी आले.

रानवारा
पेन्शन फंडाला दोन कंपन्या परवडतात. छोट्या धंद्याने दुप्पट बिल कशातून भरायचं?

कोरा कागद
दुप्पट कशाला? हिशेब आणि ग्राहकांच्या याद्या मिळून मोजके जीबी होतात. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि काम झालं की तिची केबल काढून ठेवा. अधूनमधून त्यातल्या फायली उघडून बघा. बॅकअप घेणारे पुष्कळ आहेत, तो परत उतरतो का हे तपासणारे फार थोडे.