मराठी भाषकाला जवळची कोणती: कोरियन की डॅनिश?

वाटसरू:
परकी भाषा निवडायची म्हटली की अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेचा तक्ता हमखास पुढे येतो. डॅनिशला 600 ते 750 तास, कोरियनला 2200. झालं, डॅनिश सोपी आणि कोरियन महाकठीण असं ठरून जातं. पण तो तक्ता इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांसाठी केलेला आहे. मराठी माणसाने तो डोळे झाकून स्वीकारू नये, असं माझं ठाम मत आहे.

'नेगा ऑजे सान छेक' हे शब्द घ्या. मी, काल, घेतलेलं, पुस्तक. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. डॅनिशमध्ये आधी पुस्तक, मग 'जे', मग मी, मग घेतलं, मग काल. कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय आपल्यासारखेच नामाला चिकटतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जोडक्रियापदं. 'मॉगॉ बोदा' म्हणजे खाऊन बघणं, 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे खाऊन टाकणं, 'हे जुदा' म्हणजे करून देणं. बोदा म्हणजे बघणं, बॉरिदा म्हणजे टाकणं, जुदा म्हणजे देणं. इंग्रजी भाषकाला यातली प्रत्येक छटा वेगळी समजावून घ्यावी लागते, आपल्याला नुसता शब्द कळला की पुरे. वर लिंगभेद नाही, आणि मी, तू, ती सगळ्यांना क्रियापदाचं एकच रूप.

लिपीही आपल्या विचाराची आहे. राजा सेजोंगने 1443 मध्ये ती तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. आजची मूलभूत अक्षरं 24: 14 व्यंजनं, 10 स्वर. क च्या खुणेत एक रेघ वाढवली की ख होतो. वर्णमाला कंठ्य, तालव्य, दंत्य अशी शिकलेल्याला हे पटकन उमगतं.

उत्तरवारा:
वाटसरू, तुमचं व्याकरण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. आज परकी भाषा शिकायला बसणारा बहुतेक मराठी माणूस दहा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकून आलेला असतो. आर्म, फिंगर, विंटर, हूस, बोग हे डॅनिश शब्द त्याला जवळजवळ फुकट मिळतात. कोरियनमध्ये खॉफी आणि खॉम्प्यूथॉ संपले की पुढचा प्रत्येक शब्द नव्याने पाठ करायचा.

डॅनिश क्रियापदही पुरुषाप्रमाणे बदलत नाही. लिंगं दोनच, आणि बहुतांश नामं सामान्यलिंगी. 'ते' हा निर्देश नामाच्या शेवटी जोडतात: हूस म्हणजे घर, हूसेट म्हणजे ते घर. विशेषणाला तीन रूपं: स्टोर, स्टोर्ट, स्टोरे. मोठा, मोठी, मोठं, मोठ्या सांभाळणाऱ्याला हे काहीच नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्याच जागी हवं. 'आज' ने सुरुवात केली तर 'आज खातो मी मासे' असा क्रम होतो. दुसरी, नकाराची जागा. मुख्य वाक्यात 'मी खातो नाही मासे', पण 'की' नंतर 'मी नाही खातो मासे'. पहिल्या महिन्यात रोज दहा वाक्यं घ्या आणि प्रत्येक वाक्य तीन तऱ्हांनी फिरवून लिहा: कर्त्यापासून, काळवाचक शब्दापासून, आणि 'की' नंतर. ही चूक सवयीनेच जाते.

कानसेन:
उत्तरवारा, तुम्ही कागदावरच्या डॅनिशबद्दल बोलताय. कानावर पडते ती डॅनिश निराळी आहे.

'काय' साठीचा शब्द लिहिताना ह-व-अ-ड, बोलताना 'वॅ'. 'खूप' साठी लिहितात मेगेट, ऐकू येतं 'माअल्' सारखं. शेवटी ऐकू येणारा तो ल खरं तर मृदू ड आहे. जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवायचं, जीभ मागून उचलायची आणि वर कुठेही टेकवायची नाही. मराठी माणूस हटकून टाळूला किंवा दाताला जीभ लावतो आणि शब्द बदलतो. मग 'स्ट्यॉ', म्हणजे कंठात घेतलेला आचका. 'हुन' म्हणजे ती. त्याच उच्चारात आचका घेतला की कुत्रा. लिखाणात कुत्र्याच्या शेवटी ड आहे, तो बोलायचा नाही. स्वरांसाठी अक्षरं नऊ, वेगळे ऐकू येणारे स्वर त्याच्या दुपटीहून जास्त. डॅनिश मुलांची शब्द समजण्याची सुरुवातही इतर अनेक भाषांतल्या मुलांपेक्षा सावकाश होते, असं डोर्थे ब्लेसेस यांच्या संशोधनात दिसलं, आणि त्याचं कारण भाषेच्या याच पुसट उच्चारांत शोधलं गेलं.

कोरियनमध्येही लिहिलेलं आणि बोललेलं वेगळं असतं, पण तिथे नियम आहे आणि तो आपल्या घरातला आहे. रश्श्यासाठी लिहितात 'कुक-मुल', म्हणतात 'कुङ्मुल'. वाक् + मय = वाङ्मय, तोच संधी. 'शिन-रा' चा उच्चार 'शिल्ला'. उल्लास आणि तल्लीन आठवा, तिथेही पुढचा ल मागच्या व्यंजनाला ओढून घेतो. व्यंजनसंधी शिकलेल्याचं निम्मं काम झालेलं असतं.

उत्तरवारा:
संधीचा मुद्दा मान्य, फार नेमका आहे. पण कोरियन कानालाही सोपी नाही. ताल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा, आणि घट्ट त चा त्ताल म्हणजे मुलगी. आपल्याकडे त-थ-द-ध अशी चौकट असल्याने आपण निर्धास्त राहतो आणि तिथेच फसतो. घट्ट त आपल्या त सारखा असतो, साधा त मात्र शब्दाच्या सुरुवातीला हलका श्वास घेऊन येतो आणि आपल्याला थ वाटतो. सोलच्या तरुणांच्या बोलण्यात फरक मुख्यतः पुढच्या स्वराच्या पट्टीत असतो: साधा असेल तर खालची, महाप्राण असेल तर वरची. व्यंजन ऐकत बसू नका, स्वर ऐका.

आणि आदरार्थाचं काय? डॅनिशमध्ये 'दु' सगळ्यांना चालतं, प्राध्यापकालाही. आदरार्थी 'दि' जवळपास राजघराण्यापुरतं उरलं आहे. कोरियनमध्ये खाणं, झोपणं, असणं यांना मोठ्यांसाठी वेगळी क्रियापदं: मॉक्ता चं तुशिदा, चादा चं चुमुशिदा, इत्ता चं केशिदा.

वाटसरू:
'आजी झोपल्यात रे' हे मराठी वाक्य घ्या. आजीला आदर, मित्राला अरेतुरे. कोरियनमध्ये मित्राला सांगताना नेमकं हेच होतं: 'हाल्मॉनी चुमुश्यॉ'. ज्याच्याबद्दल बोलतो तो आणि ज्याच्याशी बोलतो तो, असे दोन वेगळे हिशेब आपण रोज ठेवतोच. नवीन एवढंच की 'मी जातो' म्हणतानाही समोरच्याप्रमाणे शेवट बदलतो: का, कायो, काम्निदा. एक चूक मात्र जपून टाळा: आदराचा 'शि' स्वतःच्या क्रियेला कधीही लावायचा नाही.

शब्दांबद्दल सांगायचं तर अर्ध्याहून अधिक कोरियन शब्द चिनी मुळांचे आहेत. हाक म्हणजे अध्ययन. हाक्क्यो शाळा, हाक्सेंग विद्यार्थी, तेहाक विद्यापीठ, मुन्हाक साहित्य, क्वाहाक विज्ञान. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा एकेका मुळाचं कुटुंब वहीत मांडा.

कानसेन:
डॅनिशच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: अंक. डॅनिशमध्ये पन्नास म्हणजे 'हाल्व्हत्रेस', अर्थात अडीच विसा. साठ तीन विसा, सत्तर साडेतीन विसा, ऐंशी चार विसा, नव्वद साडेचार विसा. 'हाल्व्हत्रेस' हे मूळ लांब शब्दाचं आखूड रूप आहे; पन्नासावा म्हणताना ते लांब रूप अजून पूर्ण उच्चारतात. शिवाय आधी एकक, मग दशक, आपल्या त्रेपन्नासारखंच. इंग्रजी भाषक इथे रडकुंडीला येतो. दीडसाठीही त्यांच्याकडे एकच शब्द आहे.

कोरियनमध्ये उलट दोन अंकमाला आहेत. साडेतीन वाजले हे 'से शी सामशिप पुन': तास देशी अंकात, मिनिटं चिनी अंकात. 'साम शी' म्हटलं तर ऐकणारा क्षणभर थांबतो.

रेघोट्या:
परीक्षेच्या दृष्टीने जोड देतो. कोरियनच्या टॉपिक परीक्षेचा वरचा टप्पा 300 गुणांचा: 120 ला तिसरी पातळी, 150 ला चौथी, 190 ला पाचवी, 230 ला सहावी. लेखनाला 50 मिनिटं आणि चार प्रश्न. शेवटचे दोन 200 ते 300 आणि 600 ते 700 अक्षरांचे. हे दोन्ही 'हान्दा' या लेखी शैलीत लिहायचे असतात. बोलीतला 'यो' मध्येच घुसला की गुण जातात, आणि सगळा सराव संभाषणाचा केलेल्यांकडून हे हमखास होतं.

डेन्मार्कमध्ये नागरिकत्वासाठी साधारणपणे 'प्र्यॉवे इ दान्स्क 3' ही डॅनिशची परीक्षा लागते, कायम वास्तव्यासाठी 2. तिथली अडचण अशी की अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, म्हणून बोलायचा सराव होत नाही. सुरुवातीलाच 'कृपया डॅनिशमध्येच बोला' हे वाक्य घोटून ठेवा आणि दुकानात तेच वापरा.

उत्तरवारा:
वाटसरू, वाक्यरचनेत कोरियन आपल्याला जवळची, हे तुमचं पटलं. तरी सहा महिन्यांनी वर्तमानपत्र हाती दिलं तर डॅनिश घेतलेला अर्थ लावू शकेल, कोरियन घेतलेला नाही, यावर मी कायम आहे.

कानसेन:
आणि सहा महिन्यांनी दोघांना रेडिओ लावून दिला तर कोरियनवाल्याला निदान वाक्य कुठे संपलं ते कळेल. डॅनिश घेणाऱ्याने म्हणून पहिल्या दिवसापासून मजकूर न बघता ऐकावं: 30 सेकंदांचा तुकडा, तीनदा ऐकून लिहायचा, मग मूळ मजकुराशी ताडून न ऐकू आलेली अक्षरं लाल शाईने भरायची. चुका कुठे होतात ते त्या लाल अक्षरांत दिसतं, आणि ती बहुतेक ड, ग, व हीच असतात.