'विधानसभेला जबाबदार' म्हणजे नेमके काय? जबाबदारी, जाब आणि हिशेब

प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना राज्यव्यवस्था शिकवते. गेल्या आठवड्यात 'मंत्रिपरिषद विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते' हे वाक्य फळ्यावर लिहिले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, अपघाताला चालक जबाबदार असतो, तसे विधानसभेला मंत्री जबाबदार असतात का?" शंका रास्त आहे. इथे 'उत्तरदायी' लिहावे का? आणि मंत्री 'जबाबदारी स्वीकारतात', 'खुलासा करतात', 'हिशेब देतात' असे आपण लिहितो, ते एकाच अर्थाने लिहितो का?

प्रतिसाद

तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. 'ला जबाबदार' या एकाच रचनेत मराठीत दोन अर्थ नांदतात. 'अपघाताला जबाबदार' म्हणताना 'ला' हा प्रत्यय घडलेल्या गोष्टीला लागतो आणि 'जबाबदार' म्हणजे कारणीभूत, दोषी. 'विधानसभेला जबाबदार' म्हणताना तोच प्रत्यय विचारणाऱ्याला लागतो आणि 'जबाबदार' म्हणजे जाब देण्यास बांधलेला. दुसरा अर्थ मूळचा आहे. 'जबाब' म्हणजे उत्तर हा शब्द अरबीतला आणि 'दार' हा प्रत्यय फारसीतला, म्हणजे उत्तर देणे ज्याच्याकडे लागते तो जबाबदार. त्याच मुळाचा 'जाब' आपण 'जाब विचारणे' आणि 'जाब देणे' यांत जपला आहे, आणि पेशवाईतल्या कागदपत्रांत 'जाबसाल' (सवालजबाब) हा शब्द भेटतो तोही याच कुळातला. (पोलीस ठाण्यातली 'जबानी' मात्र जीभ या अर्थाच्या 'जबान'पासून आलेली आहे. ऐकायला जवळची असली तरी ती या घरातली नव्हे.)

पुढे 'जबाबदारी'ला सोपवलेले काम हा तिसरा अर्थ चिकटला. 'घराची जबाबदारी', 'पालकमंत्रिपदाची जबाबदारी' या प्रयोगांत उत्तर देण्याचा भाग जवळजवळ पुसला गेला आहे. त्यामुळे एखादे मंत्री 'मी जबाबदारी स्वीकारतो' असे म्हणतात, तेव्हा त्यांनी काम स्वीकारले, दोष स्वीकारला की जाब देण्याचे बंधन स्वीकारले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. बातमी लिहिणाऱ्याने तिथे थांबून यांपैकी काय घडले ते वेगळ्या शब्दांत सांगितले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही, हे मुंदडा प्रकरणात दिसते. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले, खासदार फिरोज गांधी यांनी तो विषय लोकसभेत लावून धरला आणि न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे होते की, आपण या व्यवहाराला मान्यता दिली नव्हती, म्हणजे दोष या अर्थाने आपण जबाबदार नाही. छागला यांचे म्हणणे असे होते की, सचिवाने केलेल्या कृतीबद्दल संसदेपुढे उत्तर मंत्र्यानेच द्यायचे असते. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. मंत्री पहिल्या अर्थाने बोलत होते आणि न्यायमूर्ती दुसऱ्या. वर्गात हे उदाहरण दिलेत, तर अपघाताचा चालक आणि विधानसभेपुढचा मंत्री यांतले अंतर मुलांना आपोआप दिसेल.

संविधानाच्या अनुच्छेद १६४(२) मध्ये राज्याची मंत्रिपरिषद आणि अनुच्छेद ७५(३) मध्ये केंद्राची मंत्रिपरिषद याच दुसऱ्या अर्थाने बांधलेली आहे. अनुच्छेद २६६(३) नुसार एकत्रित निधीतला, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतला, पैसा कायद्याशिवाय काढता येत नाही, म्हणून जाब पैशापासून वेगळा करता येत नाही. लोकसभेतली कपात सूचना, म्हणजे खात्याने खर्चासाठी मागितलेली रक्कम (मागणी) कमी करण्याची सूचना, याचा उत्तम नमुना आहे. 'मागणीची रक्कम कमी करून एक रुपया करण्यात यावी' अशी सूचना जेव्हा दिली जाते, तेव्हा सूचना देणारा सदस्य त्या मागणीमागच्या धोरणालाच नापसंती दर्शवत असतो.

आता 'हिशेब'. मी लेखा शाखेत नोकरी केली आहे, त्यामुळे या शब्दांशी माझे रोजचे नाते होते, आणि बाहेरचा वाचक कुठे फसतो हेही मी पाहिले आहे. 'मंजूर', 'तरतूद', 'वितरित' आणि 'खर्ची' हे चार शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात रस्त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे रस्ता 'मंजूर' झाला, अर्थसंकल्पात त्याच्यासमोर रक्कम दाखवली म्हणजे 'तरतूद' झाली, ती रक्कम संबंधित कार्यालयाला खर्चासाठी उपलब्ध झाली म्हणजे निधी 'वितरित' झाला, आणि देयक कोषागारातून पारित होऊन पैसे दिले गेले म्हणजे रक्कम 'खर्ची' पडली. पहिल्या आणि चौथ्या शब्दांत कधी कधी अनेक वर्षांचे अंतर असते, आणि गावाच्या वेशीवर फलक मात्र पहिल्याच शब्दाचा लागतो.

त्याहून फसवा शब्द 'बचत'. घरात बचत ही कौतुकाची गोष्ट. सरकारी लेख्यांत समजा दहा कोटींची तरतूद होती आणि सात कोटी खर्च झाले, तर उरलेल्या तीन कोटींना 'बचत' म्हणतात, मग ते काम काटकसरीने झालेले असो वा मुळीच झालेले नसो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात मोठी बचत हा आक्षेपाचा विषय असतो. आणि ही बचत मार्चअखेरीस परत करणे याला 'निधी समर्पित करणे' म्हणतात. ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत बसून मी अशी पत्रे टंकलिखित केली आहेत, 'सदर रक्कम खर्च होऊ शकत नसल्याने समर्पित करण्यात येत आहे.' कार्यालयाबाहेरच्या माणसाला हे वाक्य एखाद्या देणगीसारखे वाटेल. त्याचा खरा अर्थ असा की, शाळेच्या खोल्यांसाठी आलेला पैसा खोल्या न बांधता परत गेला. मंत्री सभागृहात 'निधी समर्पित झाला' असे सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारता यावा म्हणून हा शब्द कळायला हवा. ही माझी तळमळ आहे.

सभागृहातल्या उत्तरांचीही एक ठरलेली भाषा आहे. विधानमंडळातल्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, पहिला भाग 'हे खरे आहे काय' या शेपटीने संपतो. उत्तर येते 'होय', 'अंशतः खरे आहे' किंवा 'हे खरे नाही'. शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' असा भाग असतो आणि त्याखाली बहुधा 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापलेले असते. नवखा वाचक हे मंत्र्यांनी प्रश्न झिडकारला असे समजतो. ते तसे नाही. मागच्या भागात 'कार्यवाही झाली आहे' असे उत्तर दिल्यामुळे विलंबाची अट लागू होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मुलांना सांगा की जोर 'उद्भवत नाही'वर न देता मागच्या ओळीवर द्यावा, आणि 'अंशतः' दिसले की खरा अंश कोणता आणि उरलेला कोणता, हे शोधावे.

'खुलासा' हा शब्द मी जपून वापरतो. कार्यालयात खुलासा वरिष्ठ मागवतो आणि कनिष्ठ देतो. वृत्तपत्रांत मंत्री आपणहून खुलासा 'करतात', म्हणजे कोणी जाब विचारलेला नसतानाही तो होऊ शकतो. दोन्हींतला हा फरक राहू द्यावा.

दुसरा प्रतिसाद

विवेचन पटले. तरीही 'उत्तरदायी' हा शब्द मला कृत्रिम वाटतो. आमच्याकडे सिन्नर-निफाडच्या ग्रामसभेत कोणी 'सरपंच उत्तरदायी आहेत' असे म्हणत नाही. 'जबाबदार' सगळ्यांना कळतो, तो का सोडायचा?

प्रतिसाद

तो सोडावा असे माझे म्हणणे नाही. संज्ञा म्हणून पुस्तकात 'उत्तरदायित्व' राहू द्यावे, कारण त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही. ग्रामसभेत मात्र लोक काय म्हणतात ते आठवून पाहा. तिथे लोक 'हिशेब द्या' म्हणतात आणि 'जाब विचारू' म्हणतात, आणि हे दोन्ही प्रयोग 'उत्तरदायी'पेक्षा अधिक नेमके आहेत. सरकारी खर्चाचे लेखे तपासणाऱ्या लोकलेखा समितीपुढे मंत्री येत नाहीत, तिथे विभागाच्या सचिवांची 'साक्ष' होते, आणि सभागृहात उभे राहून जाब देणे मात्र मंत्र्यांकडेच असते. हे कामाचे वाटप 'जबाबदार' या एका शब्दात दिसत नाही, 'साक्ष' आणि 'जाब' या दोन शब्दांत दिसते. मॅडम, फळ्यावर संविधानातले वाक्य जसेच्या तसे ठेवा आणि त्याखाली लिहा : 'म्हणजे विधानसभेने विचारले की मंत्रिपरिषदेने जाब दिला पाहिजे.'